कोऱ्या पार्श्वभूमीची कुळकथा

वस्तू विकावयाची असेल तर तिच्यामागचे जग पुसून टाकावे, हा व्यापाराचा शिरस्ता छायाचित्रणाहून जुना आहे. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तांब्याचा गडवा, चामड्याची वहाण किंवा गजराचे घड्याळ निखळ शुभ्रतेत एकटे उभे असलेले दिसते, तेव्हा ही शुभ्रता संगणकाची करामत असावी, फार तर स्टुडिओतील दिव्यांची असावी, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः तिचे कूळ छापखान्यातले आहे; आणि छायाचित्र ज्या दिवशी छापखान्यात शिरले त्या दिवशी त्याने ही शुभ्रता जवळजवळ मोडीत काढली होती, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून पार्श्वभूमी पुसण्याच्या या उद्योगाचा इतिहास नीट उलगडत नाही.

वस्तूचे चित्र मोकळ्या कागदावर एकटे मांडण्याची रीत अठराव्या शतकात पुरती रुळलेली होती. दिदरो यांच्या फ्रेंच ज्ञानकोशाचे चित्रखंड १७६२ ते १७७२ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतील कितीतरी पृष्ठांवर वरच्या अंगाला कारखान्यातील माणसांनी गजबजलेले दृश्य, आणि खाली त्याच कारखान्यातील हातोड्या, कानशी, साचे व कात्र्या एकेक सुट्या करून, क्रमांक घालून, कोऱ्या जागेत मांडलेल्या, अशी रचना आढळते. वरच्या चित्रात काम दिसे, खालच्यात हत्यार दिसे. आणि हत्यार नीट दिसावे म्हणून त्याच्याभोवतीचा माणूस काढून टाकावा लागे. पुढे इंग्लंडातील न्यूकॅसल येथील टॉमस ब्यूइक यांनी बॉक्सवुड नावाच्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक कोरणीने चित्रे खोदण्याची विद्या इतक्या पूर्णत्वास नेली, की १७९० मधील त्यांच्या चतुष्पाद प्राण्यांच्या ग्रंथानंतर असे लाकडी ठसे खिळ्यांच्या शेजारी बसवून मजकुराबरोबरच छापण्याचा प्रघात सर्वत्र पडला. या ठशात जेवढे लाकूड कोरून काढावे तेवढे पांढरे उमटे. वस्तूभोवतालचे लाकूड रुंद पटाशीने झपाट्याने उडवून देता येई. खरी मेहनत वस्तूच्या रेषांची असे. म्हणजे पांढरी पार्श्वभूमी ही ठशातील सर्वांत स्वस्त बाब होती. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये शिकागोतून टपालाने माल विकण्यासाठी एका पानाची यादी काढली, आणि पुढील दोन दशकांत तिचा शेकडो पानांचा ग्रंथ झाला, तेव्हा त्यातील शेगड्या, खोगिरे आणि शिवणयंत्रे अशाच फुकटच्या शुभ्रतेत उभी होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना तीच सवय लागली.

छायाचित्राने ही सवय मोडली. कॅमेऱ्याला वेचून घेणे ठाऊक नाही. वस्तूबरोबर तो टेबलावरचा ओरखडा घेतो, भिंतीचा पोपडा घेतो, खिडकीची सावलीही घेतो. त्यातून पांढरी भिंत मागे धरली तरी ती पांढरी येईलच असे नाही, कारण वस्तूवर पडणारा प्रकाश मागे जाताना झपाट्याने उणा होतो आणि शुभ्र चादरीचा मळकट करडा पडदा होतो. आजही हौशी दुकानदार घरच्या घरी फोटो काढून हैराण होतात ते याच कारणाने. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोलोडियनच्या ओल्या काचेला निळ्या रंगाची भारी ओढ असल्यामुळे त्या काळच्या छायाचित्रकारांना आणखी एक वेगळीच पीडा होती: इमारत नीट येईपर्यंत आकाश करपून जाई आणि काचेवर त्याचे डाग उठत. उपाय म्हणून ते काचेच्या उलट प्रतिमेवर आकाशाच्या जागी कुंचल्याने दाट, अपारदर्शक रंग फासून टाकीत. त्या रंगातून प्रकाश पलीकडे जात नसे, म्हणून कागदावर आकाश सपाट पांढरे उमटे. पार्श्वभूमी रंगाने झाकून पांढरी करण्याची ही युक्ती पुढे शंभर वर्षे या धंद्याचा कणा होऊन राहिली. व्यक्तिचित्रे काढणारे याहून नाजूक मार्ग काढीत. लंबगोल भोक पाडलेला पुठ्ठा छाप घेताना हलता ठेवून ते चेहऱ्याभोवतीचा भाग कागदात विरघळवून टाकीत.

आपल्या मुंबईने या कामी आरंभीच हात घातला होता. येथील छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी तिच्या सभासदांत होती. या संस्थेशी निकटचा संबंध असलेले विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. त्या चित्रांत ब्राह्मण, वाणी, पारशी, कोळी अशी मंडळी देवळांच्या, तळ्यांच्या आणि वाड्यांच्या समोर उभी दिसतात. परंतु पुष्कळ ठिकाणी माणसे एका ठिकाणची आणि देखावा दुसऱ्या ठिकाणचा असून, माणसांच्या आकृती मूळच्या पार्श्वभूमीतून सोडवून नव्या देखाव्यावर बसविलेल्या आहेत. पायांपाशी पाहिले म्हणजे गोम कळते: सावली एकीकडे आणि ऊन दुसरीकडे. येथे पार्श्वभूमी पुसली गेली ती दुसरी आणून बसविण्यासाठी. तथापि आकृतीची कड धरून तिला मूळ स्थळापासून तोडण्याचे कौशल्य तेच. मला तर असे वाटते की, विक्रीच्या वस्तूआधी माणसांनाच असे नमुन्यादाखल सुटे करून मांडले गेले, ही त्या राज्यकर्त्या दृष्टीची मोठी बोलकी खूण आहे.

छायाचित्र मजकुराबरोबर छापता येत नव्हते तोवर व्यापाऱ्याचे काही बिघडत नव्हते, कारण फोटो पाहून कोरक्या लाकडावर वस्तू खोदी आणि खोदताना मागचा पसारा आपोआप गळून पडे. अडचण उभी राहिली ती हाफटोनमुळे. म्युनिकचे गेऑर्ग माइझनबाख यांनी १८८२ मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज आणि मागाहून लेव्ही बंधूंनी तिला व्यवहार्य रूप दिले. दोन काचांवर समांतर रेघा कोरून, त्यांत काळा रंग भरून, त्या काचा एकमेकींवर काटकोनात चिकटवावयाच्या. ही जाळी कॅमेऱ्यात काचेच्या पुढे किंचित अंतरावर धरावयाची. म्हणजे छायाचित्रातील गडद-फिक्या छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचाला पंचावन्न ते पासष्ट रेघांची जाळी पुरे, आर्ट पेपरसाठी एकशे तेहतीस वा दीडशे रेघांची लागे. एकशे तेहतीसच्या जाळीत एका चौरस इंचात सतरा हजारांहून अधिक ठिपके बसतात. हे ठिपके सर्वत्र असत आणि नेमका तिथेच घोटाळा होता. चित्राचा जो भाग कागदाइतका पांढरा, त्यातही जाळी आपले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पेरून ठेवी. त्यामुळे छापून निघालेली प्रत्येक वस्तू एका करड्या चौकोनात कोंडलेली दिसे आणि तो चौकोन भोवतालच्या कोऱ्या कागदापुढे अधिकच मळका वाटे. छायाचित्रावर वस्तूभोवती पांढरा रंग फासून भागत नसे, कारण रंगाने केलेल्या पांढऱ्यावरही जाळी तसाच अंमल करी. पूर्वी जी शुभ्रता पटाशीच्या चार फटक्यांत मिळत होती ती आता कमवावी लागू लागली. तिचा दर ठरू लागला, आणि ब्लॉक करणाऱ्यांच्या दरपत्रकात साधा चौकोनी ब्लॉक आणि वस्तूच्या कडेने कापलेला कट-आउट ब्लॉक असे दोन स्वतंत्र रकाने पडले.

कट-आउटचे काम कसे चाले हे थोडे तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण आता ते करणारे फारसे उरलेले नाहीत. जाळीतून घेतलेली काच प्रकाशाच्या पेटीवर ठेवून कारागीर प्रथम वस्तूची कड बारीक कुंचल्याने अपारदर्शक रंगाने बांधून घेई, आणि मग बाहेरचा सारा भाग रुंद कुंचल्याने भरून टाकी. याला 'ओपेक करणे' म्हणत. ही काच प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ठेवून तीव्र उजेड दिला, की जिथून प्रकाश गेला तिथला लेप घट्ट होई आणि ओपेक केलेल्या जागेवरचा पाण्याने धुऊन जाई. मग फेरिक क्लोराइडच्या द्रावात पत्रा सोडला म्हणजे उघडे तांबे खाल्ले जाई. परंतु हाफटोनची खोली फार थोडी. तेवढ्याने मोकळ्या जागेत शाई लागावयाची राहत नसे. म्हणून राउटिंग यंत्राच्या वेगाने फिरणाऱ्या पात्याखाली पत्रा धरून वस्तूबाहेरचे धातू खोलवर खरवडून काढावे लागे, आणि यंत्राचे पाते जिथे पोचत नसे अशा अरुंद बेचक्यांत हातातली कोरणी चालवावी लागे. सायकलीचा ब्लॉक आला की कारागिराची सत्त्वपरीक्षाच. चाकाच्या प्रत्येक दोन आऱ्यांमधली त्रिकोणी फट, साखळीमागची पोकळी, ब्रेकच्या तारेखालचा कोन, सारे मोकळे करावयाचे आणि एकही आरा तुटू द्यावयाचा नाही. सरतेशेवटी पत्रा लाकडावर चुका मारून खिळ्यांच्या उंचीचा करण्यात येई आणि मगच तो मुद्रकाच्या स्वाधीन होई.

वस्तूखाली सावली राखावयाची तर वेगळे संकट. सावली कागदात विरघळत गेली पाहिजे. परंतु अशा विरघळत्या कडेचे सुटे ठिपके छपाईच्या दाबाखाली इतरांहून अधिक दबत आणि शाईची काळी किनार उमटे. मशीनमन सिलिंडरखाली पातळ कागदाचे तुकडे लावीत आणि काढीत तासन्‌तास घालवी, तेव्हा कुठे सावली मऊ होई. ज्याला एवढा खर्च परवडत नसे तो सावलीही कापून टाकावयास सांगे, आणि मग त्याची पेटी किंवा पंखा अधांतरी लटकल्यासारखा दिसे. जुन्या जाहिरातींतील वस्तू अशा त्रिशंकू का झाल्या आहेत याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधू नये. ते हिशेबाच्या वहीत आहे. चांगल्या कारागिराची ओळख मात्र मी सावलीवरूनच करीन.

हिंदुस्थानात या विद्येचा पाया घालणाऱ्यांत कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातील आपली चित्रे लाकडी ठशांनी विद्रूप केलेली पाहून या गृहस्थांनी परदेशातून यंत्रसामग्री मागविली, १८९५ मध्ये स्वतःची पेढी काढली, आणि जाळीचे कोन, भिंगाच्या छिद्रांचे आकार, ठिपक्यांचे गणित यांवर लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात असे लेख लिहिले की युरोपातील तज्ज्ञांनी त्यांची दखल घ्यावी. छिद्रांचा हा विचार आपल्या विषयाशी थेट निगडित आहे; कारण जाळीतून प्रकाश देताना छिद्र बदलून, किंवा क्षणभर जाळी दूर करून नुसत्या चित्राला उजेड देऊन, पांढऱ्या भागातील ठिपके मिटविण्याची युक्ती साधली, तर धातू खरवडण्याचे कष्ट पुष्कळ वाचतात. कोरणीचे काम गणिताने करावे, असा तो यत्न होता.

महाराष्ट्रात याच विद्येच्या नादी लागलेल्या एका माणसाला आपण निराळ्याच कारणासाठी स्मरतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात नोकरी करून बाहेर पडले आणि १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यास ब्लॉक करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तोच पुढे दादरला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला, आणि रंगीत छपाईची यंत्रे पाहून आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस गेले. भागीदारांशी न जमल्यामुळे त्यांनी हा धंदा सोडला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चित्रपटांतील देव प्रकट होतात, अंतर्धान पावतात, एका प्रतिमेवर दुसरी बसते, त्या साऱ्या चमत्कारांमागे काचेचा कुठला भाग झाकावा आणि कुठला उघडा ठेवावा हे ओळखणारी ब्लॉकवाल्याची नजर होती, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मराठी मुलखातील स्वदेशी कारखानदारीने या कामाला नवे गिऱ्हाईक दिले. किर्लोस्करवाडीचे नांगर, उसाचे चरक आणि कडबा कापण्याची यंत्रे, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, अशा वस्तू खेड्यापाड्यांतील लोकांपर्यंत प्रथम चित्ररूपानेच पोचावयाच्या होत्या. 'किर्लोस्कर खबर' १९२० मध्ये निघाली ती मुळात कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, हा योगायोग नव्हे. माल आणि मालाचे चित्र यांचे नाते तेथे चांगले उमगले होते. यातला नांगर कापावयास सोपा, कारण ओतीव लोखंडाची कड निश्चित असते. कंदिलाची चिमणी ही मात्र कारागिराची वैरीण: काच पारदर्शक, म्हणून मागची भिंत तिच्यातूनही दिसते, ती पुसावी तर काच नाहीशी होते, ठेवावी तर पुसलेल्या शुभ्रतेत भिंतीचा एक तुकडा चिमणीच्या आत शिल्लक राहतो. अशा वेळी रिटचर काच मुळापासून नवी रंगवी. त्यासाठी एअरब्रश हे हत्यार हाताशी होते. अमेरिकेत ॲबनर पीलर यांनी त्याचा आद्य नमुना बनविला, लिबर्टी वॉकअप यांनी ते विकावयास आणले, आणि चार्ल्स बर्डिक यांनी १८९३ मध्ये इंग्लंडात त्याला आजचे रूप दिले. मोठ्या ब्रोमाइड छापावर यंत्राचा आकार मास्कने झाकून भोवती रंगाचा फवारा मारावयाचा, मग उलट मास्क लावून यंत्रावर चकाकी चढवावयाची; हे इतक्या थराला जाई की इंजिनाच्या कित्येक 'छायाचित्रां'त छायाचित्राचा अंश फारच थोडा उरे. जे. जे. मध्ये १९३५ साली जाहिरातकलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि या कलेला शिक्षणक्रमाची प्रतिष्ठा लाभली. तरी ब्लॉक कापणारा मात्र कारखान्यातच, उमेदवारी करून, थोरल्या कारागिराच्या हाताखाली घडत राहिला.

त्याचे नाव कुठेच राहिले नाही. ब्लॉक करणाऱ्या पेढ्या कधी कधी चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव बारीक अक्षरांत कोरीत असत. पण कट-आउट ब्लॉकला कोपराच नसतो.

ऑफसेट छपाई आली तेव्हा तांबे गेले आणि फिल्म आली. पारदर्शक प्लॅस्टिकवर लाल पापुद्रा चढवलेला रुबीलिथ नावाचा कागद छायाचित्रावर अंथरून, धारदार पात्याने केवळ वरचा पापुद्रा वस्तूच्या कडेने कापावयाचा आणि नको तो भाग सोलून काढावयाचा, अशी नवी रीत पडली. छापखान्याच्या कामाची फिल्म लाल रंगाला आंधळी असते, म्हणून तिच्या दृष्टीने लाल म्हणजे काळेच. आणि कापणाऱ्याला मात्र त्या लालातून खालचे चित्र स्वच्छ दिसत राही. एवढा सुटसुटीत उपाय या साऱ्या इतिहासात दुसरा झाला नाही.

संगणकाने काय केले, हे थोडक्यात सांगता येईल. रेनॉ मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी मोटारींच्या अंगाचे बाक गणिताने मांडण्यासाठी ज्या वक्ररेषा प्रचारात आणल्या, त्याच वक्ररेषा पुढे चित्रातील वस्तूची कड बांधण्यासाठी कामी आल्या. टॉमस आणि जॉन नोल या बंधूंचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत पेन टूल दाखल झाले. कुंचला, कोरणी आणि पाते या तिघांचे काम त्या एका टोकाने उचलले. कड बांधावयाची, बाहेरचे टाकावयाचे, खाली सावली रंगवावयाची, हा क्रम मात्र एक पाऊलही हलला नाही. या क्रमाला क्लिपिंग पाथ असे नाव मिळाले आणि भारतात व बांगलादेशात त्याचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, जिथे युरोप-अमेरिकेतील दुकानांची पादत्राणे आणि दागिने रात्रपाळीत कापले जातात.

आता तर शुभ्रतेला कायद्याचेच रूप आले आहे. ॲमेझॉनच्या नियमानुसार मालाच्या मुख्य चित्राची पार्श्वभूमी निव्वळ पांढरी, म्हणजे लाल, हिरवा व निळा हे तिन्ही अंक २५५, आणि मालाने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. २५५ ऐवजी करडी छटा राहिली तर चित्र फेटाळले जाऊ शकते. यात एक विपर्यास आहे. कागदावर पांढरे म्हणजे शाईच नाही, आणि पडद्यावर पांढरे म्हणजे तिन्ही रंगांचा प्रकाश पूर्ण भरून. तरीही पडद्याने आपली शुभ्रता कागदाच्या यादीपुस्तकावरून उचलली, आणि वॉर्ड यांच्या शेगड्यांना जी मोकळी जागा लाकडाच्या स्वभावामुळे मिळाली होती ती आजच्या विक्रेत्याला दंडकामुळे मिळवावी लागते. नवी यंत्रबुद्धी एका टिचकीसरशी ही पार्श्वभूमी काढून देते, केस आणि काच सोडली तर बरी काढते. कंदिलाच्या चिमणीपाशी तीही अडखळते.

ज्या जुन्या छापखान्यांचे माळे अजून शाबूत आहेत, तेथे लाकडावर ठोकलेले असे कट-आउट ब्लॉक धुळीत पडलेले असण्याचा संभव आहे, आणि तांब्याला भाव येतो म्हणून ते भंगारात जाण्याचाही तितकाच संभव आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी वा ओळखीत असा छापखाना असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी त्या ब्लॉकांचे एकेक छाप काढून ठेवावेत, ते कोणी कापले हे सांगणारा जुना कामगार हयात असेल तर त्याच्याकडून नाव लिहून घ्यावे, आणि ठसे जवळच्या संग्रहालयाच्या किंवा कलाशाळेच्या हवाली करावेत, एवढी विनंती आहे.